पडावावरचे दोन खड्डे

माझी सारी नोकरी सडकेवर गेली. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या सडकेचा चौक गावाजवळचा तुकडा माझ्याकडे होता आणि बांधकाम खात्यात माझा हुद्दा मेस्त्रीचा. खडी, मुरूम, मोऱ्या आणि दुतर्फा झाडे एवढाच माझा विषय. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असे ज्यांनी सांगितले, त्यांना मी खडीविषयी लिहीन असे वाटले असावे. खडीविषयी मी पुष्कळ लिहू शकतो, पण सणासुदीला ते कोणी वाचील असे वाटत नाही. म्हणून सडकेबरोबर माझ्या गळ्यात पडलेल्या दुसऱ्या कामाविषयी लिहितो. ते काम म्हणजे गोऱ्या शिपायांचे एक लहान कबरस्तान.

चौक सोडून खालापूरच्या अंगाला निघाले की सडकेपासून थोडा आत एक सपाट माळ लागतो. त्याला सगळे पडाव म्हणत. पलटणी घाट उतरून आल्या की त्यांच्या राहुट्या येथे पडत. मुक्कामात माणसे आजारी पडतात, काही मरतात, आणि मेलेल्यांना बरोबर नेता येत नाही. त्यांच्यासाठी माळाच्या उंच टोकाला एक चौकोन आखून दिला होता. साठ फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद, भोवती छातीइतकी दगडी भिंत. आत चौतीस कबरी. मी आलो तेव्हा एकोणीस होत्या, पंधरा माझ्यासमोर झाल्या.

कबरस्तानात काम ते काय असणार, असे लोक मला विचारीत. तेथली माणसे काही मागत नाहीत, तक्रार करीत नाहीत. हे खरे आहे. पण आपल्याकडे पाऊस आहे. चार महिन्यांत दगडांवर शेवाळ चढते, अक्षरे दिसेनाशी होतात, गवत कमरेला लागते आणि भिंतीचा एखादा कोपरा बसतो. पाऊस सरला की गवत कापायचे, दगड घासायचे, कळीचा चुना भिजवून त्यात गुळाचे पाणी घालून हात द्यायचा म्हणजे तो अंगाला लागत नाही, आणि मग अक्षरांत काळा रंग भरायचा. मला ती अक्षरे वाचता येत होती. बहुतेकांची वये वीस-बावीस. माझ्या थोरल्या मुलाचे वय त्यांच्याजवळ येऊ लागले तेव्हापासून मी रंग भरताना वय वाचायचे सोडून दिले.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली की तो दचकतो. ती म्हणजे तयार खड्डे. पावसाळ्यात भाताच्या लावणीत मजूर मिळत नाही, ओल्या जमिनीत खड्ड्याच्या बाजू ढासळतात, आणि पटकीने मेलेल्या माणसाला ठेवून घेता येत नाही. म्हणून मृगापूर्वी दोन खड्डे खणून ठेवायचे असा हुकूम होता. साडेसहा फूट लांब, अडीच रुंद, पाच खोल. बाजू शेणामातीने लिंपायच्या, वर बांबू टाकून सागाच्या पानांचे छप्पर घालायचे, मोठ्या इरल्यासारखे, आणि भोवती पाणी अडवायला वरंबा. लागले नाहीत तर दसऱ्यानंतर बुजवायचे. पुढल्या वर्षी पुन्हा खणायचे. कोण मरणार ते ठाऊक नसताना त्याची जागा तयार ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी मला जेवण गेले नाही. पुढे सवय झाली.

खड्डे खणायचा तो गोमा ठाकर. पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला ओढ्यापल्याड त्याची वाडी होती. ठेंगणा, काटक, कमी बोलणारा. त्याच्या वाटचे त्याची बायको बुधी बोले. खड्डा तयार झाला की ती आपल्या झोपडीवरच्या वेलाचा, उन्हाळाभर राखलेला एक लाल भोपळा आणी आणि खड्ड्याच्या तळाशी ठेवी. दोन खड्डे, दोन भोपळे.

“हे कशाला गं?” मी पहिल्याच वर्षी विचारले.

“उघडा खड्डा माणूस मागतोय, मेस्त्री. त्याला कायतरी देऊन गप करावा लागतोय.”

अंदाजपत्रकात भोपळ्याला जागा नव्हती, पण तो तिच्या वेलावरचा होता. मी तो राहू दिला.

मग महायुद्ध संपता संपता इन्फ्लुएंझाची साथ आली. पंधरापैकी अकरा कबरी त्या एका साथीतल्या. तयार खड्डे पहिल्या झपाट्यातच भरले आणि गोमा उजाडल्यापासून मावळेपर्यंत खणतच राहिला. तेवढ्यात वाडीत त्याची दोन्ही पोरे गेली. त्याला निरोप पोचला तेव्हा तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. वाडीच्या लोकांनी त्यांच्या रीतीप्रमाणे पोरांना ओढ्याच्या काठी पुरले होते. पुढल्या पावसात ओढा असा फुगला की तो काठच वाहून गेला. आता तेथे पाणी वाहते. दाखवायला दगडसुद्धा नाही.

त्यानंतर बुधी वाडीत राहीना. गोमाला कबरस्तानाचा राखणदार नेमले होते, त्यामुळे फाटकाशी एक झोपडी मिळाली होती. तिथे ती दोघे राहू लागली. नेमणूक गोमाची, काम बुधीचे. दगड तीच घाशी, चुना तीच देई. शिपायांना ती पोरे म्हणे. भर उन्हात एखाद्या दगडाला हात लावून म्हणे, “तापलाय रं हा,” आणि खरोखर तांब्याभर पाणी ओती. चुन्यावर पाण्याचे डाग पडतात असे मी तिला अनेकदा सांगितले. ती म्हणे, “डाग पुसता येतोय.”

एका हिवाळ्यात एक वयस्क मडम मोटारीने आली. साथीत गेलेल्या एका शिपायाची आई. मी तिला कबर दाखवली आणि बाजूला झालो. ती दगडाशेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने बुधी जाऊन तिच्याशेजारी बसली. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. बुधीने जमिनीपासून गुडघ्याइतका हात धरला, मग कमरेइतका धरला, आणि ओढ्याकडे बोट केले. मडमेने हात वर उचलला आणि आपल्या डोक्याच्याही वर धरला. जाताना मडमेने विलायतेहून आणलेले कांद्यासारखे कसलेसे कंद कबरीशी लावले. पावसात ते कुजले. बुधीने तिथे तेरडा लावला. गौरीच्या दिवसांत तेवढी एक कबर गुलाबी होई.

मडम गेल्यावर बुधी मला म्हणाली, “ती बाय नशिबाची हाय, मेस्त्री. पोरगं जागेवर हाय तिचं. येऊन बघाया तरी मिळालं.” मग म्हणाली, “पावसाआधी खनतो त्यातला येक खड्डा माझा. इथलं पानी कुनाला नेत नाय.”

मला वाटले ती सहज बोलली. पण पुढल्या ज्येष्ठात खड्डे खणले तेव्हा ती पुन्हा म्हणाली, त्याच्या पुढल्या ज्येष्ठातही. तिला दुसरे काही नको होते. ओढ्याकाठी जायचे नव्हते, एवढेच.

मी नियमाने चालणारा माणूस आहे. कर्जतला आमच्या ओव्हरसिअर रावसाहेबांची गाठ पडली तेव्हा मी विषय काढला. राखणदाराच्या बायकोची अशी अशी इच्छा आहे.

“ती मेली आहे का?” रावसाहेबांनी विचारले.

“नाही. चांगली आहे.”

“मग आत्ता विचारू नका. मेल्यावरही विचारू नका. ती जागा पाद्र्याने मंत्र म्हणून फक्त त्यांच्या धर्माच्या शिपायांसाठी दिलेली आहे. विचारलेत तर मला नाही म्हणावे लागेल, आणि लेखी म्हणावे लागेल.”

मी बुधीला सांगितले की जमणार नाही, ते सरकारचे आहे.

“खनतो ह्यो,” ती गोमाकडे बोट करून म्हणाली, “लिपते मी, भोपळा माझा. आन् निजनार कोन? सरकार?”

गोमा हसला. तो फार क्वचित हसे.

पुढे पलटणी आगगाडीनेच परस्पर जाऊ लागल्या आणि पडाव ओस पडला. राहुट्यांच्या खुंट्यांची भोके गवताने बुजली. साथीनंतर तयार खड्ड्यांत एकही माणूस गेला नाही. बुधी म्हणे, भोपळ्यामुळे. मी म्हणे, माणसेच येत नाहीत म्हणून. दोघांचाही हिशेब बरोबर जुळत होता. पण खड्ड्यांचा हुकूम कोणी मागे घेतला नाही, आणि हुकूम आहे तोवर खड्डे आहेत. दर साल आम्ही तिघे कोणासाठी नसलेले दोन खड्डे खणत होतो आणि बुजवीत होतो. माळावर वाऱ्याखेरीज आवाज नसे. माझी सडकेची कामे संपवून मी तिकडे जाई तेव्हा दोघेही मी येताना दिसल्यापासून फाटकात उभी राहत. आठवड्यात दुसरे कोणी आलेले नसे.

मग विमाने आली. म्हणजे आली असे नव्हे, येऊ शकतील अशी व्यवस्था झाली. लष्करी विमानांना अडीअडचणीला उतरता यावे म्हणून पडावाचे मैदान करायचे ठरले. धोंडे वेचले, खळगे भरले, मधोमध चुन्याचे मोठे पांढरे वर्तुळ काढले आणि वारा कुठून येतो ते वैमानिकाला कळावे म्हणून एका खांबावर कापडाची लांब बाही टांगली. वारा भरला की ती फुगे.

“ह्या बाहीत हात कुनाचा रं?” बुधीने गोमाला विचारले.

“वाऱ्याचा.”

“मंग आंगरखा कुठं हाय?”

वर्षाकाठी एखाददुसरे विमान उतरे. एक मात्र लक्षात राहिले. पावसाळा तोंडावर आला होता, आम्ही खड्डे खणत होतो. विमान खोकतच उतरले. वैमानिक पंचविशीचा, ताडमाड उंच. पुण्याहून काही भाग यायचा होता तोवर त्याला दोन दिवस तेथेच काढायचे होते. वेळ जाईना म्हणून तो आमच्याकडे आला आणि भिंतीवरून वाकून पाहू लागला. माझे इंग्रजी कामापुरते आहे.

“हे कोणासाठी?” त्याने विचारले.

“जो येईल त्याच्यासाठी, साहेब.”

त्याने मैदानातल्या पांढऱ्या वर्तुळाकडे पाहिले, मग खड्ड्याकडे पाहिले आणि मोठ्याने हसला. “सरकारची व्यवस्था चोख आहे,” म्हणाला, आणि भिंत ओलांडून सरळ खड्ड्यात उतरून आडवा झाला. त्याचे गुडघे वर आले. “आखूड आहे,” तो खालून म्हणाला.

मी ते गोमाला सांगितले. गोमाला थट्टा कळत नसे. त्याने बांबू घेतला आणि वरून साहेबाचे माप घेतले. एवढ्यात बुधीने पाहिले.

“अरं उठ रं बाबा. मेस्त्री, उठवा त्याला. भोपळा नाय घातला अजून.”

ती धावत जाऊन दोन भोपळे घेऊन आली. एक खड्ड्यात ठेवला आणि दुसरा वर आलेल्या साहेबाच्या हातात दिला. का, ते मी त्याला सांगितले. या वेळी तो हसला नाही. दोन दिवसांनी विमान उडाले तेव्हा भोपळा त्याच्या पायाशी होता. मी स्वतः पाहिला.

पुढल्या वर्षी मी खड्ड्यांची मापे घ्यायला गेलो तर एक साडेआठ फूट भरला.

“गोमा, हे काय?”

“सायब लांब हाय.”

“अरे, तो साहेब आता येणार नाही.”

“दुसरा येल. त्यो बी लांबच आसंल.”

मी त्याला बुजवायला सांगणार होतो. जादा खणलेल्या मुरमाचा जाब मला द्यावा लागला असता. पण बुधी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, मेस्त्री. लांब हाय ते बरं. आमी दोघं मावू. मी ह्या टोकाला, ह्यो पायाशी. ह्यो नायतरी पाय दुमडूनच निजतोय.”

आकडा दिसला की बेरीज करायची ही माझी खोड आहे. बुधी साडेचार फूट. गोमा पाय दुमडून चार. जमत होते. मी खड्डा तसाच राहू दिला. पुढे दर साल एक खड्डा तेवढाच लांब खणला जाई.

बुधी गेली ती त्यानंतरच्या एका श्रावणात. झड लागली होती. सडकेची निगा राखणारा मैलकुली सकाळी माझ्या दारी आला. “बुधी गेली, मेस्त्री. गोमा खड्ड्याशी बसलाय.” एवढे सांगून तो मोरीवर पाणी चढले होते तिकडे परत पळाला.

मी घोंगडी घेऊन गेलो. ओढा दोन्ही काठ भरून चालला होता. पल्याड वाडीतले चार-पाच लोक उभे होते. त्यांना कसे कळले कोण जाणे. ते येऊ शकत नव्हते आणि बोललेले ऐकूही येत नव्हते. थोडा वेळ उभे राहून ते निघून गेले.

गोमा लांब खड्ड्याच्या छपराशेजारी पावसात बसला होता. छप्पर त्याने उघडले नव्हते.

“झोपडीत हाय,” तो म्हणाला. “तुमी सांगा.”

मला रावसाहेब आठवले. विचारू नका, असे ते म्हणाले होते. मी विचारले नव्हते. आता गोमा मला विचारीत होता, आणि मला नाही म्हणता येत होते. ओढा उतरेपर्यंत थांब, मग तुमच्या काठावर ने, असे सांगणे नियमाला धरून झाले असते.

“उघड छप्पर,” मी म्हणालो.

न्यायला चार माणसे लागतात. आम्ही दोघे होतो. माझ्या घोंगडीची झोळी करून ती बांबूला बांधली. पुढचे टोक गोमाने घेतले, मागचे मी. फाटकापासून खड्ड्यापर्यंत चढ आहे, मुरूम निसरडा झाला होता. बुधीचे वजन काहीच नव्हते. आयुष्यभर मुरमाच्या पाट्या उचललेली बाई, आणि झोळीत काही आहे असे वाटत नव्हते.

गोमा खड्ड्यात उतरला. त्याने तळाचा भोपळा उचलला, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, शेवटी माझ्या हातात दिला. बुधीला त्याने एका टोकाला निजवले, अगदी टोकाला चिकटून. मग उरलेल्या जागेच्या कडेला दगडांचा बांध रचला, बुधीच्या बाजूला माती भरली आणि उरलेल्या अर्ध्यावर छप्पर परत घातले. तीच बेरीज त्यानेही केली होती.

घरी आलो तेव्हा हातात भोपळा होता. तो मी अंगणाबाहेरच ठेवला.

“कोण गेलं?” आमच्या घरातून विचारणे झाले.

“कामावरचं माणूस.”

बायकोने अंगणात अंघोळीला पाणी काढून दिले. भोपळा दोन दिवस तसाच पडला होता, मग कोणाच्या तरी गाईने खाल्ला.

दसऱ्यानंतर गोमाने दुसरा खड्डा बुजवला, हा अर्धा बुजवला नाही. रावसाहेबांना पुढे कळले असावे. माझ्याकडे न पाहता ते एकदा म्हणाले, “मी काही ऐकलेले नाही.” पण नाताळाच्या सुमारास कबरी पाहायला पाद्रीसाहेब येत, त्यांच्यापासून ते लपणारे नव्हते. म्हातारे गृहस्थ, काठी टेकीत एकेका दगडापाशी थांबत. ताज्या मातीपाशी आले आणि थांबले. गोमा फाटकाशी उभा राहिला होता, पुढे येत नव्हता. त्याला वाटत होते की आता बुधीला काढायला सांगतील.

“हे कोण?” पाद्रीसाहेबांनी विचारले.

मी सांगितले. राखणदाराची बायको. हे सगळे दगड तीच धूत असे. पूर आला होता. सांगण्यासारखे एवढेच होते.

“ती कोणाला मानीत होती? विचारा त्याला.”

मी गोमाला हाक मारून विचारले. तो जवळ आला, दोन्ही हात पोटाशी धरून म्हणाला, “वाघ्या देवाला मानी. हिरव्या देवाला मानी.” मग कबरींकडे पाहून म्हणाला, “आन् ह्या पोरांना.”

मी ते जसेच्या तसे सांगितले. पाद्रीसाहेब बराच वेळ काठीने माती टोकरीत राहिले. मग त्यांनी छपराकडे काठी केली. “आणि हा अर्धा?”

“दोन खड्डे तयार ठेवावेत असा हुकूम आहे, साहेब.”

त्यांनी गोमाकडे पाहिले. त्याचे केस तोवर पांढरे झाले होते. “मग छप्पर नीट ठेवा,” ते म्हणाले. “पाणी आत जाऊ देऊ नका.” आणि पुढच्या दगडाकडे गेले.

गेल्या साली माझी बदली पेणच्या सडकेवर झाली. काम सोपवण्यापूर्वी मी शेवटचा पडावावर गेलो. पाऊस जवळ आला होता. गोमाने एकट्याने दुसरा खड्डा खणला होता, साडेसहा फुटांचा, बरोबर मापात. तळाशी भोपळा होता. बुधीचा वेल त्याने जिवंत ठेवला आहे. अर्ध्या खड्ड्याच्या बाजू नव्याने लिंपल्या होत्या, वर सागाची ताजी पाने घातली होती. मी एक पान बाजूला करून आत पाहिले. तळ रिकामा होता.

“यात भोपळा नाही घातलास?”

“ह्यात नको.”

“का रे?”

“ह्यानं मागू दे,” गोमा म्हणाला आणि पान पुन्हा जागेवर लावले.

गोमाचे काही झाले तर कळव, असे मी चौकातल्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे, आणि घरीही सांगितले आहे की चौकाहून माणूस आला तर मी जेवत असलो तरी उठवायचे. पेणहून चौक काही फार लांब नाही. घोंगडी तीच आहे, धुऊन ठेवली आहे. झोळीचे मागचे टोक मी धरीन. पुढचे कोण धरणार, ते अजून ठरलेले नाही.